जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका: दोन डिस्क लावा, दोन सिस्टीम चालवा

बऱ्याच घरांत एक जुना डेस्कटॉप असतो. अब्बांच्या दुकानाचा हिशोब त्यात, बहिणीच्या निकाहचे फोटो त्यात, आधारपासून पासपोर्टपर्यंत सगळ्यांच्या कागदपत्रांचे स्कॅन त्यातच. मग मुलगी कॉलेजात जाते आणि म्हणते, "अब्बा, मला लिनक्स लागणार आहे, प्रॅक्टिकल त्यावरच आहेत." दुकानात विचारलं तर एकच उत्तर मिळतं, नवीन मशीन घ्या.

दर वेळी नवीन मशीनची गरज नसते. जुन्या मशीनमध्ये दुसरी डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स टाकता येतं. विंडोज आणि अब्बांचा हिशोब पहिल्या डिस्कवर जसाच्या तसा राहतो. मशीन सुरू करताना कोणती सिस्टीम हवी ते आपण निवडायचं. याला ड्युअल बूट म्हणतात. काम अवघड नाही, पण एक पथ्य पाळावं लागतं. ते पुढे सांगतो.

आत्ताच का?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वेगळी नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चांगली चालणारी कितीतरी मशीन बाहेर पडली. मशीन बंद पडत नाही, पण अपडेट नसलेल्या सिस्टीमवरून बँकेचे व्यवहार करणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं.

लिनक्स मिंट २२ किंवा उबुंटू २४.०४ यांना २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि दोन्ही मोफत आहेत. मिंटला ४ जीबी रॅम पुरते. मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड त्यात लावता येतात.

एकाच डिस्कवर दोन्ही का नको?

मी पहिल्यांदा तेच केलं होतं. एका डिस्कचे भाग पाडले आणि विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायला गेलो. रात्री उशिरा, डोळ्यांवर झोप असताना, चुकीचा भाग निवडला आणि 'फॉरमॅट' दाबलं. घरातले पाच वर्षांचे फोटो गेले. दोष ना विंडोजचा, ना लिनक्सचा. दोष माझा. पण डिस्क वेगळी असती तर ती चूक करायची सोयच उरली नसती.

दुसरं कारण मशीन सुरू होण्याच्या पद्धतीत आहे. आजच्या मशीनमध्ये प्रत्येक सिस्टीम आपली सुरुवातीची फाइल 'ईएफआय' नावाच्या एका छोट्या भागात ठेवते. विंडोज तो भाग साधारण १०० एमबीचा बनवतं. गंमत अशी की लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकलं तरी काही इन्स्टॉलर ही फाइल पहिल्या डिस्कच्या ईएफआय भागात नेऊन ठेवतात. वरून सगळं ठीक दिसतं. पुढे पहिली डिस्क खराब झाली किंवा काढली की लिनक्सही सुरू होत नाही.

म्हणून पथ्य एकच: लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जाणार नाही, आणि तिच्यावर दुसरी सिस्टीम काही लिहिणारही नाही.

काय लागेल?

- एक एसएसडी. २४० किंवा २५६ जीबीची भरपूर झाली.
- डेस्कटॉपसाठी साटा डेटा केबल, आणि पॉवर सप्लायमधून येणारी एक मोकळी पॉवर वायर.
- ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. तो पूर्ण पुसला जातो, म्हणून रिकामाच घ्या.
- छोटा स्क्रू ड्रायव्हर.

लॅपटॉपमध्ये दुसरी जागा आहे का, ते आधी खोलून किंवा मॉडेलच्या माहितीत पाहा. काहींत एम.२ ची मोकळी जागा असते. काहींत डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडी लावून डिस्क बसवता येते. काही मदरबोर्डवर एम.२ ची जागा वापरली की एखादा साटा पोर्ट बंद होतो, तेही पाहून घ्या.

सुरुवात करण्याआधी

१. हिशोब, फोटो, कागदपत्रं यांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर काढा. मशीनमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप झाला असं नाही. विजेचा एक झटका दोन्ही घेऊन जाऊ शकतो.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं. ती मिळाली नाही तर डेटा आत आणि आपण बाहेर.

३. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते सापडतं. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेलं राहतं. अशा डिस्कवर लिनक्समधून काही लिहिलं तर फाइल बिघडू शकतात.

बसवायचं कसं?

१. विंडोजमध्येच मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत साइटवरून उतरवा आणि रुफस या मोफत प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर टाका. प्रोग्रॅम ड्राइव्हचं नाव विचारतो तेव्हा दोनदा वाचून मगच पुढे जा.

२. मशीन बंद करा, प्लग काढा. हात धातूला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. विंडोजच्या डिस्कच्या दोन्ही वायरी काढा आणि नवी एसएसडी जोडा.

३. पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसरमध्ये बहुतेक एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसच्या डेस्कटॉप बोर्डवर एफ८. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा.

४. मिंट आधी न टाकताच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, कीबोर्ड तपासा. प्रिंटर असेल तर तोही जोडून पाहा. सगळं जमलं तर इन्स्टॉलचं चिन्ह दाबा आणि 'पूर्ण डिस्क पुसून टाका' हा पर्याय निवडा. एरवी हा पर्याय वाचूनच घाम फुटतो. इथे समोर फक्त नवी रिकामी डिस्क आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

५. लिनक्स एकदा सुरू झालं की मशीन बंद करा, प्लग काढा आणि विंडोजची डिस्क परत जोडा.

आता बायोसमध्ये जाऊन रोज लागणारी सिस्टीम आधी ठेवा. दुसरी हवी असेल तेव्हा बूट मेनूचं तेच बटण दाबायचं. बायोसमधली साटा मोडसारखी बाकीची सेटिंग बदलू नका, नाहीतर विंडोज रुसतं.

घड्याळ साडेपाच तास मागे?

ही तक्रार हमखास येते. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं. संध्याकाळचे ७ वाजलेले असताना विंडोज दुपारचे दीड दाखवतं. नमाजच्या वेळा दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर तेही चुकतं, आणि काही वेबसाइट उघडत नाहीत. मशीन बिघडलेलं नाही. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की तेवढ्यापुरतं ठीक होतं. कायमचा इलाज म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये स्थानिक वेळ ठेवण्याची एक ओळीची आज्ञा द्यायची. कॉलेजातली मुलं ते मिनिटात करतील.

कोणतं काम कुठे?

टॅली विंडोजवरच चालतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलही तिथेच ठेवा. इंटरनेट, बँक, परीक्षेचे फॉर्म, मुलांचा अभ्यास लिनक्सवर. घरात सगळ्यांना हे एकदा नीट समजावून सांगा, म्हणजे अम्मी चुकून जुन्या विंडोजवरून पैसे पाठवणार नाही.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही मोफत आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकत आहेत.

आणि नाहीच जमलं तर? नवी डिस्क काढून ठेवा आणि बायोसमध्ये विंडोज पुन्हा पहिलं ठेवा. मशीन पूर्वीसारखं सुरू होईल. अब्बांचा हिशोब होता तिथेच असेल.