बोट बंदरात किती घटका थांबते?

आम्ही नाशिककर नदीकाठचे लोक. पाण्याची आमची सारी मोजदाद दुतोंड्या मारुतीवरून चालते. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, एवढे कळले की गोदावरीचा पूर आम्हांस समजला. समुद्राचे गणित मात्र आमच्या अंगवळणी नाही, आणि हल्ली आमच्याच आळीतील तीन-चार कुटुंबे मुंबईहून विलासी जहाजाने गोव्यास, लक्षद्वीपास जाऊन आल्यामुळे ते गणित शिकणे भाग पडत चालले आहे. २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबई-गोवा असे सुरू झाले होते; पुढे २०२१ पासून ‘एम्प्रेस’ हे त्याहून पुष्कळ मोठे जहाज मुंबईच्या बंदरातून निघू लागले. तेव्हापासून मध्यम स्थितीतील घरांतूनही या प्रवासाची बोलणी ऐकू येऊ लागली. आम्हीही गेल्या वर्षी कुटुंबातील सात मंडळी घेऊन असाच एक प्रवास केला. जहाजावरील खाणेपिणे आणि करमणूक यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते बंदरात उतरल्यानंतरच्या वेळेविषयी.

ज्यास जहाजाच्या कंपनीने ठरविलेल्या सहलीत जावयाचे आहे, त्यास ही चिंता नाही. त्याची बस, त्याचा वाटाड्या, त्याचे जेवण सर्व ठरलेले असते, आणि ती बस वाटेत अडकली तर जहाज सहसा तिच्यासाठी खोळंबते. परंतु त्या सहली चर्च, किल्ला, बाजार अशा सर्वांना रुचतील अशा ठिकाणी जातात. आमच्या धाकट्या सूनबाई सारस्वत घराण्यातील. त्यांच्या माहेरचे कुलदैवत मंगेश. लग्नाच्या आधी बोललेला एक नवस फेडावयाचा राहून गेला होता, म्हणून मुरगावला उतरून स्वतःच्या गाडीने मंगेशीस जाऊन परत यावयाचे, असा बेत ठरला. आमच्या वहिनी, म्हणजे थोरल्या बंधूंच्या पत्नी, त्यांचे वय आता पंचाहत्तर. त्या म्हणाल्या, “भावोजी, मंगेशीस जाणार तर कवळ्याची शांतादुर्गा वाटेतच आहे. तेवढे मला घडवा.” आम्ही होय म्हटले. हे ‘होय’ आम्ही पत्रकाकडे पाहून म्हटले, घड्याळाकडे पाहून नव्हे.

पत्रकात छापले होते: मुरगाव, आगमन सकाळी ११, प्रयाण सायंकाळी ७. म्हणजे आठ तास, अर्थात वीस घटका. वीस घटकांत दोन देवळे आणि वर जुने गोवे, असा हिशेब पुतण्याने कागदावर मांडून दाखविला, आणि तो कागदावर अगदी बरोबर होता.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. ११ ही वेळ जहाज धक्क्यास लागण्याची असते, प्रवाशाचा पाय जमिनीवर पडण्याची नव्हे. जहाज बंदरात शिरताना बंदराचा पायलट वर चढतो, तो त्यास वाटेने आत आणतो, दोरखंड बांधले जातात, अधिकारी कागद तपासतात आणि मगच जिना लागतो. त्यानंतरही आधी कंपनीच्या सहलीचे लोक गटागटाने उतरविले जातात, आणि स्वतंत्र जाणाऱ्यांचा क्रम मागून येतो. आमची पाळी १२ वाजून २० मिनिटांनी आली. गोदीच्या आवारात पायी फिरू देत नाहीत. बसने फाटकापर्यंत जावे लागते. गाडी फाटकाबाहेर उभी होती. आम्ही सात जण तीत बसून निघालो तेव्हा १२ वाजून ५० मिनिटे झाली होती. दोन तास येथेच सरले, आणि यात कोणाचीही चूक नव्हती.

जुन्या कोकणच्या आगबोटींवर ज्यांनी प्रवास केला त्यांना यात नवल वाटणार नाही. त्या बोटी बहुतेक लहान बंदरांत धक्क्यास लागतच नसत. दूर नांगरून राहत, आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात तर बोट बंदच असे. कोकणातील दर्यावर्दी भरतीची वेळ तिथीवरून काढीत: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या सुमारास भरती. अष्टमीस ६, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमेस सव्वाअकरा. हा हिशेब ठोकळ आहे, पण पंचांग पाहणाऱ्या घरात मुलांना शिकविण्याजोगा आहे. आजही काही ठिकाणी मोठी जहाजे दूर नांगरतात आणि प्रवाशांस लहान नावांतून नेतात. थायलंडात फुकेत बेटाजवळ पातोंगला असे होते. तेथे उतरण्याचा क्रम लागण्यातच तास-दीड तास जातो, आणि परतताना पुन्हा तीच रांग असते.

फुकेतवरून आठवले. आमच्या भाच्याचे बिऱ्हाड सिंगापुरास असते. त्याने लिहिले की, थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या मागे एक तास चालते. जहाजाने आपली वेळ सिंगापूरचीच ठेविली आणि प्रवाशाच्या हातातील फोनने मात्र किनाऱ्यावर उतरताच आपोआप थायलंडची वेळ धरली. फोनात ५ वाजले म्हणजे जहाजावर ६ झालेले. यास्तव जहाजाच्या वेळेला लावलेले साधे मनगटी घड्याळ बरोबर असावे, असा त्याचा आग्रह आहे, आणि तो आम्हांस पटतो.

असो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत व्यस्तविधी म्हणून एक रीत आहे. शेवटची राशी ठाऊक असली म्हणजे उलट क्रमाने मागे येत जावयाचे. जेथे गुणाकार तेथे भागाकार, जेथे मिळवणी तेथे वजाबाकी. जन्मभर मुलांना संस्कृत शिकविताना आम्ही हा भाग सहज म्हणून सांगत असू; त्याचा उपयोग गाडीत बसल्यावर झाला. प्रयाण ७ वाजता, पण सर्वांनी जहाजावर असावयाचे ते ६ वाजता. फाटकापासून तपासणी होऊन वर जाण्यास अर्धा तास. म्हणजे फाटकाशी साडेपाच. अडचणीसाठी पाऊण तास राखला; म्हणजे पावणेपाच. रस्त्याला दीड तास. म्हणजे मंगेशीहून सव्वातीनला निघावयाचे. पुतण्या आगमनापासून पुढे मोजीत होता, आम्ही प्रयाणापासून मागे मोजले. दोन्ही गणिते एकाच दिवसाची, परंतु उत्तरे निराळी.

मुरगावहून वास्को, पुढे कुठ्ठाळी, बोरीचा पूल आणि फोंडा असा आमचा मार्ग होता. अंतर चाळीस किलोमीटरांच्या आसपास. या मार्गाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. मंगेशाचे मूळ स्थान याच कुठ्ठाळीस, म्हणजे जुन्या कुशस्थळीस होते, आणि शांतादुर्गेचे शेजारच्या केळशीस. पोर्तुगीजांच्या अमलात देवळे मोडू लागली तेव्हा भक्तांनी देव जुवारी नदीपलीकडे नेले. मंगेश १५६० साली प्रियोळास आला, तेच आजचे मंगेशी. शांतादुर्गा कवळ्यास गेली. तेथील आजचे देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांनी १७३८ च्या सुमारास बांधविले. ज्या गावांतून देव निघाले त्यांच्याजवळूनच बंदराचा आजचा रस्ता जातो. सूनबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मामंजी, देवांनासुद्धा येथून घाईनेच जावे लागले.”

मंगेशीस पोहोचलो ते २ वाजून १० मिनिटांनी. अभिषेक तेथे सकाळी होतो, महाआरती मध्यान्ही. दोन्ही टळले होते. हे आम्ही आधी विचारावयास हवे होते. जहाजाच्या वेळेचा शोध आम्ही केला, देवाच्या वेळेचा केला नाही. तरी दर्शन निवांत झाले. नवसाची ओटी आणि दक्षिणा पोहोचती झाली. दीपमाळेपाशी मंडळी क्षणभर बसली. सूनबाईंचे डोळे भरून आले होते.

सव्वातीन वाजले. कवळे आमच्या परतीच्या वाटेपासून अगदी थोडे आत. पुतण्या म्हणाला, “काका, सगळे मिळून चाळीस मिनिटे.” आम्ही वहिनींच्या गुडघ्यांकडे पाहिले. गाडीतून उतरणे, पाय धुणे, रांग, प्रदक्षिणा, प्रसाद, पुन्हा चढणे; आमच्या मते तास. चुकून वाटेत मालमोटार आडवी झाली तर सात जणांनी काय करावयाचे? जहाज चुकले तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा असतो. वहिनींची औषधे जहाजावरच्या खोलीत होती. आम्ही नाही म्हटले. वहिनींनी आमच्याकडे पाहिले, आणि फोंड्याच्या दिशेने हात जोडले. पुढे बंदरापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

फाटकाशी पोहोचलो ४ वाजून ३५ मिनिटांनी. रस्ता मोकळा होता. जहाज सुटेपर्यंत आम्ही वरच्या डेकवर बसून राहिलो, आणि कवळ्याचा हिशेब पुन्हा पुन्हा करून पाहिला. तो प्रत्येक वेळी जुळत होता. सहा वाजून गेल्यावर एक कुटुंब धापा टाकीत धक्क्यावर आले. त्यांना वर घेतले, परंतु त्यांच्यातील वृद्ध गृहस्थांचा चेहरा पाहून आम्हांस आमच्या निर्णयाचा पश्चात्ताप वाटेना, आणि वहिनींचा चेहरा पाहून समाधानही वाटेना.

या प्रवासास जाणाऱ्यांस एवढे सुचवितो. घरात वडीलधारी मंडळी असतील तर बंदरात एकच ठिकाण ठरवावे, आणि दुसऱ्याचा शब्द कोणास देऊ नये. गाडीचे सगळे पैसे आधी देऊ नयेत. समुद्र खवळला तर कप्तान बंदर टाळून पुढे जातो. जहाजावर रोज जो कागद देतात त्यावर बंदरातील एजंटाचा दूरध्वनी असतो. तो खिशात असावा, परदेशी असल्यास पासपोर्टची प्रतही. मुंबईस बोटीने उतरणाऱ्या परदेशस्थ आप्तांना घारापुरी दाखवावयाची असेल तर वार आधी पाहावा. सोमवारी लेणी बंद असतात. आणि जेथे शहर बंदरापासून दूर आहे, जसे रोमसाठी चिवितावेक्क्या, सत्तर-ऐंशी किलोमीटर, तेथे आगगाडीची परतीची वेळ पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये.

नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस मडगावास जाते, हे आम्हांस पूर्वीपासून ठाऊक होते. मडगावाहून कवळे गाडीने फारसे लांब नाही. येत्या मार्गशीर्षात तिकडे जावयाचे ठरविले असून तिकिटे काढली आहेत. मुक्काम तीन दिवसांचा. वहिनींना तिकीट दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा लावून तारीख वाचली, आणि परतीची तारीख कोणती ते विचारले.