तणाच्या बियांची झोप आणि उजेड

रान नांगरून, ढेकळे फोडून स्वच्छ केले. परंतु पाऊस पडून आठवडा लोटतो न लोटतो तोच सारे शेत तणाने हिरवे होते. हे बी आले कोठून, असा प्रश्न शेतकरी बंधू नेहमी विचारतात. थोडे शेणखतातून येते हे खरे. पण पुष्कळसे बी त्याच जमिनीत कित्येक वर्षे झोपी गेलेले असते.

अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली निरनिराळ्या रोपांचे बी वाळूत मिसळून बाटल्यांत भरले व जमिनीत पुरले. त्यांपैकी एक बाटली २०२१ साली उकरली असता त्यातील काही बी उगवले! ती बाटली मुद्दाम रात्रीच्या अंधारात काढली होती, कारण उजेडाचा स्पर्श होताच बी जागे होण्याचा संभव असतो.

ज्वारी-गव्हाच्या बियांस उगवणीसाठी उजेड लागत नाही. घोळीसारख्या तणांचे बी मात्र अत्यंत बारीक असते. वीतभर खोलीवर ते उगवले, तर अंगातील अन्न संपून कोंब वाटेतच मरेल. म्हणून ते दोन खुणांची वाट पाहते. एक, उजेड; तो मातीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. दुसरी, दिवसाचे ऊन व रात्रीचा गारवा यांतील फरक; तो वरच्या थरातच जाणवतो. खोल नांगरट झाली की खालचे बी वर येते आणि त्यास दोन्ही खुणा एकदम मिळतात.

यावरून उपाय असा. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावे आणि वापसा येताच कुळवाची उथळ पाळी घालावी. पाळी खोल गेल्यास नवे बी वर येऊन केलेले काम फुकट जाते. खरिपात पेरणी फार लांबविणे परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. रब्बी ज्वारीच्या रानास मात्र पावसाळाभर सवड असते, आणि तेथे पाळ्या घालण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत याच कारणाने सरस आहे. तथापि या पाळ्यांनी उन्हात वाढणारी घोळ मरते. थंडीत उगवणारा चंदनबटवा मागे राहतोच, त्यासाठी पेरणीनंतर कोळपणी करावी.

लव्हाळा व हरळी यांस हा उपाय लागू नाही. ती मुख्यतः गाठी व काशा यांपासून फुटतात. त्या वेचूनच काढाव्या लागतात.