पेन्शनरांचा सातारा

सातारा म्हणजे पेन्शनरांचं गाव, असं पश्चिम महाराष्ट्रात फार जुन्या काळापासून म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, थोडा हेवाही असतो. पुण्या-मुंबईत नोकरी उरकायची आणि उतारवयात अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन राहायचं, हा बेत अनेक घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला. हवा चांगली, पुणं जेमतेम ११० किलोमीटरवर, जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे दवाखाने आणि कचेऱ्या हाताशी.

शिवाय या गावाने स्वतःचे पेन्शनरही भरपूर घडवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे निवृत्त हेडमास्तर आणि गुरुजी गल्लोगल्ली. जिल्ह्याला फौजेची परंपरा. अपशिंगे गावाच्या नावामागे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचाच लागला आहे. सदरबझारात किंवा गोडोलीत एखाद्या कट्ट्यावर चार म्हातारे बसलेले दिसले, तर त्यांत एक सर, एक भाऊसाहेब आणि एक सुभेदार सापडणारच. नोकरी सुटून वीस वर्षं झाली तरी हुद्दा सुटत नाही. ज्याला हुद्दाच नव्हता त्याला इथे काय म्हणायचं, हा प्रश्न पुढे येईलच.

या मंडळींचा दिवस उजाडतो तो चढावर. अजिंक्यताऱ्याला गाडीरस्ता आहे, पण सकाळी तिथे गाडीने जाणं हा जवळजवळ अपमान समजला जातो. गुडघे शाबूत असलेले वरपर्यंत जातात, मंगळाई देवीचं दर्शन घेतात, दूरदर्शनच्या टॉवरकडे बघत श्वास जमवतात आणि उतरतात. त्याहून कमी दमाचे ‘चार भिंती’ या जागेपर्यंत. त्याहून कमी दमाचे कुरणेश्वराच्या रस्त्याला किंवा सरळ बागेतल्या बाकावर. वय वाढतं तसा माणूस एकेक टप्पा खाली येतो, आणि हे सगळ्यांना कळत असूनही कुणी बोलून दाखवत नाही. बागेत हास्यक्लबही भरतो. मुंबईत डॉ. मदन कटारियांनी मार्च १९९५ मध्ये पाच माणसांना घेऊन सुरू केलेला हा प्रकार महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांनी इतका आपलासा केला आहे, की तो अलीकडचा आहे हेच लोक विसरले. कारण नसताना दोन्ही हात वर करून हसणारी माणसं पाहून मला आधी संकोच वाटायचा. आता वाटतं, सकाळी साडेसहाला वेळेवर हजर राहण्यासाठी त्यांना एक कारण हवं होतं, ते मिळालं. हसणं जोडीला.

या सगळ्याला रीतसर रूप देणारी संस्था म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ. महाराष्ट्रात असे हजारो संघ आहेत आणि त्यांचा ‘फेस्कॉम’ नावाचा राज्यव्यापी महासंघही आहे. संघ काढणं अवघड नाही. किमान सात जण, १८६० च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून नोंदणी, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणून नोंद. जागा मिळवणं मात्र अवघड. कुठे पालिकेचं विरंगुळा केंद्र, कुठे देवळाचा सभामंडप, कुठे वाचनालयाची मागची खोली. पेपर, कॅरम, पत्त्यांचे दोन जोड, भिंतीवर दिवंगत अध्यक्षांच्या तसबिरी आणि एक रक्तदाबाचं यंत्र, ज्याच्या आकड्यावर कुणाचाच विश्वास नसतो.

मासिक सभेचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. प्रार्थना होते. मग गेल्या महिन्यात गेलेल्यांची नावं वाचून सगळे दोन मिनिटं उभे राहतात. ते खाली बसतात न बसतात तोच महिन्यातल्या वाढदिवसांची यादी सुरू होते आणि गुलाबाची फुलं वाटली जातात. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आत बसलेल्यांना यात विसंगत काही दिसत नाही. पंचाहत्तरीला शाल-श्रीफळ, सहस्रचंद्रदर्शन झालेल्यांचा सपत्नीक सत्कार. ऐंशीव्या वाढदिवसाला टाळ्या जरा जास्तच वाजतात, कारण केंद्र सरकारच्या आणि सैन्यदलाच्या पेन्शनरांना ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्क्यांची भर पडते. त्यानंतर व्याख्यान. मधुमेह, मोतीबिंदू, मृत्युपत्र आणि मोबाइलवरची फसवणूक हे कायमचे चार विषय. वक्त्याने पाऊण तासात आवरलं तर तो पुन्हा बोलावला जातो. मधूनमधून कोजागरी, तिळगूळ, पावसाळी सहल, थंडीत हुरडा.

भांडणंही होतात, आणि कडाक्याची होतात. अध्यक्ष कोण, हिशेब कुठे आहेत, नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात का दाखल झाला नाही. आयुष्यभर कचेरीत फाइल हलवलेल्या माणसांच्या हाती संस्था आली की कागद वाढणारच. हे मी दोष म्हणून सांगत नाही. भांडायला उत्साह लागतो.

पण संघाचं खरं काम कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नसतं. रोज येणारा माणूस दोन दिवस आला नाही, की तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करतं. फोन उचलला नाही तर कुणीतरी घरी जातं. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याहून लांब, आणि घरात एकटा माणूस. अशा घरात न्हाणीघरात पाय घसरला तर ते वेळेत कळायला अशी एक हजेरी घेणारी जागा लागते. माझ्या मते बाकीचे सगळे कार्यक्रम या एका गोष्टीसाठी असतात.

याच्या जोडीला कागदोपत्री मदत. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची धावपळ. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ आल्यापासून हे काम घरबसल्या होऊ शकतं, पण म्हाताऱ्या बोटांचे ठसे यंत्राला पटत नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवून ओळख पटते, आणि ते करून देण्यासाठी बासष्ट वर्षांचा ‘तरुण’ सभासद पंच्याऐंशीच्या सभासदाकडे जाऊन बसतो. ७० वर्षांपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय ऑक्टोबर २०२४ पासून झाली. हे कार्ड काढायची शिबिरंही संघांनी घेतली तर फार बरं.

कायद्याची माहितीही इथेच कानावर पडते. २००७ च्या कायद्यानुसार आईवडिलांना मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो, दरमहा दहा हजारांच्या मर्यादेत, आणि त्यासाठीचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. याच कायद्याचं २३ वं कलम सांगतं, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मागता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावी. मायेपोटी लोक ती लिहीत नाहीत आणि मग सिद्ध करता करता दमछाक होते. ‘मुलगा माझा आहे, अट कसली घालायची?’ हे वाक्य ऐकून वकील मान डोलावतात. त्यांनी ते पुष्कळदा ऐकलेलं असतं.

आता उणं सांगायला हवं. संघाच्या खुर्च्यांकडे एकदा नीट बघा. बसलेले बहुतेक पुरुष, आणि बहुतेक पेन्शनर. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सुमारे १० कोटी ३८ लाख होती आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. मग त्या जातात कुठे? एक तर त्या निवृत्तच होत नाहीत. सून नोकरीला, नातवंडं शाळेत, स्वयंपाक हिच्याकडे. दुसरं म्हणजे त्यांची ठिकाणं निराळी आहेत: भजनी मंडळ, संध्याकाळचा हरिपाठ, गीतापठणाचा वर्ग, भिशी. तिथली हजेरी संघापेक्षा कडक असते. पण नवरा गेल्यावर ‘संघ त्यांचा होता’ म्हणून बाई यायच्या थांबतात, आणि संघही दोन मिनिटं उभा राहून पुढच्या विषयाकडे वळतो. संघात आलेल्या बायकांकडे प्रार्थना आणि खिरापत सोपवली जाते. हिशेबाची वही क्वचित.

संघात न दिसणारी दुसरी माणसं याहून लांबची. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतून पिढ्यान् पिढ्या लोक मुंबईला गेले, गिरण्यांत आणि गोदीत. माथाडी कामगारांना १९६९ चा कायदा मिळाला, त्यामागे उभे असलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. गिरण्यांतल्या लोकांच्या नशिबी १८ जानेवारी १९८२ चा संप आला. यांपैकी पुष्कळ जण उतारवयात गावी परतले. कुणाला भविष्य निर्वाह निधीकडून मिळणारी ईपीएस-९५ ची पेन्शन, जिची किमान रक्कम २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. कुणाला श्रावणबाळ योजनेचे पंधराशे, तेही वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवता आलं तर. यांना सर किंवा साहेब कुणी म्हणत नाही. त्यांचं बसणं-उठणं देवळाच्या पारावर, भैरवनाथाच्या यात्रेच्या वर्गणीत, भजनाच्या पंगतीत. ते त्यांना पुरतं का, तर घराघरांत माणसं होती तेव्हा पुरत होतं. आता वाडीत दारं उघडी असलेली घरं कमी आणि बोलायला तीच दोन-तीन तोंडं.

या दोन्ही जगांना एकत्र बसवणारी एकच जागा मला दिसते, ती म्हणजे एसटी. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, ६५ पासून अर्धं तिकीट होतंच, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. रेल्वेची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे माहुलीच्या स्टेशनाकडे जाणारे तसेही कमी. पण पाटणच्या गाडीत आजीबाई लेकीकडे, दवाखान्यात, कुणाच्या बाराव्याला सहज जाऊ लागल्या. भाषण, सत्कार किंवा ठराव यांवाचून झालेला हा सर्वांत मोठा सामाजिक उपक्रम असावा.

संघ चालवणाऱ्यांना म्हणून काही सांगावंसं वाटतं. सभा जिना चढावा लागणाऱ्या हॉलमधून तळमजल्यावर आणा, भाडं जास्त पडलं तरी. दिवंगत सभासदाच्या पत्नीला पुढच्या महिन्याच्या सभेचं बोलावणं स्वतः जाऊन द्या. कार्यकारिणीत बायका घ्या, खजिनदार म्हणून घ्या. वर्षातली एक सहल महाबळेश्वरऐवजी जवळच्या एखाद्या वाडीत न्या आणि तिथल्या पारावर सभा भरवा. ज्यांचं अंथरूण सुटत नाही त्यांची यादी करून आठवड्याला एक फोन वाटून घ्या. आणि सूचनाफलकावर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा मोफत क्रमांक इतक्या मोठ्या अक्षरांत लिहा, की चष्मा घरी विसरलेल्यालाही तो वाचता यावा.