चौरस नाच जपानात कसा रुजला



जन्मभर कामगारांच्या सभा भरवणारा माणूस नाचावर बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. मी नाचणारा नव्हे. शाळाही सातवीतच सुटली. पण माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र कशी टिकतात, हाच माझा अभ्यास. त्याच वाटेने मी या विषयाकडे आलो.

प्रथम हा नाच म्हणजे काय ते पाहू. चौकोनाच्या चार बाजूंना चार जोड्या उभ्या राहतात. बाजूला एक पुकारणारा असतो. त्याला ‘कॉलर’ म्हणतात. पुढची चाल तो ठेक्यावर पुकारतो आणि आठही जण ती करतात. चाली आधी शिकलेल्या असतात, क्रम मात्र कॉलरच्या तोंडी. म्हणून एकाचे लक्ष चुकले की चौकोन मोडतो.

हा नाच अमेरिकेचा म्हणून ओळखला जातो. पण त्याचे पूर्वज इंग्लंडमधले खेड्यांतले नाच आणि फ्रान्सचे क्वाद्रिल. ‘डो-सि-डो’ हा त्यातला शब्दही मूळ फ्रेंच; अर्थ पाठीला पाठ. चाली पुकारण्याची रीत रुळवण्यात गुलामीतल्या काळ्या वादकांचा मोठा वाटा होता. मालकांच्या नाचात ते व्हायोलिन वाजवीत आणि चाली सांगत. ज्यांना चौकोनात जागा नव्हती त्यांनीच चौकोन चालवला!

१९४५ साली जपान शरण आला. शहरे बेचिराख, अन्नाची टंचाई, आणि वर परकी सत्ता. अशा वेळी नागासाकीत विन्फील्ड निब्लो नावाचा अमेरिकन शिक्षणाधिकारी होता. १९४६ साली त्याने तिथल्या मंडळींना हे नाच शिकवले आणि पाहता पाहता ते देशभर गेले. कारणे साधी होती. एक ग्रामोफोन आणि शाळेचे पटांगण एवढ्यावर भागे. मुलामुलींनी एकत्र शिकावे असे सत्ताधाऱ्यांना वाटत होते. १९४७ च्या शिक्षणविषयक कायद्याने सहशिक्षणाला मान्यता दिली. चारचौघांत स्त्रीपुरुषांनी हात धरणे ही तिथे लहान गोष्ट नव्हती. पण सम्राटांचे धाकटे बंधू राजपुत्र मिकासा यांनाच या नाचांची गोडी लागल्यावर नावे कोण ठेवणार?

आता माझ्या मनातली खरी शंका सांगतो. याच सत्तेच्या काळात, डिसेंबर १९४५ मध्ये, कामगार संघटनांचा कायदा झाला. आणि १ फेब्रुवारी १९४७ रोजी ठरलेला सार्वत्रिक संप जनरल मॅकआर्थर यांनी आदल्या दिवशी मनाई करून थांबवला. म्हणजे हात धरून नाचा, पण हात धरून काम थांबवू नका! हे वाचले तेव्हा मला वाटले, हा नाच म्हणजे लोकांना खेळवत ठेवण्याची युक्ती.

पुढे माझे मत बदलले. परकी सत्ता १९५२ साली गेली, नाच मात्र गेला नाही. पन्नाशीच्या दशकात कामगार तरुणांनी लोकनृत्ये आपल्या मंडळांत आणि समूहगायनाच्या मेळाव्यांत आपलीशी केली. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, घेणाऱ्यांनी त्याचे काय केले हे पाहायला हवे. आजही जपानात चौरस नाचाची मंडळे आहेत आणि पुकारे इंग्रजीतच होतात. शब्दांचा अर्थ लोक पायांनी शिकतात. म्हणून जपानी माणूस परदेशच्या चौकोनातही उभा राहू शकतो.

मंडळी, हुकूम आणि हाक यांत अंतर आहे. हुकूम मोडला तर शिक्षा होते. इथे चाल चुकली तर आठही जण हसतात आणि पुन्हा जागेवर उभे राहतात. आम्हा पुढाऱ्यांनी यातून एवढेच घ्यावे: कॉलर कितीही मोठ्याने पुकारो, पाय त्याचे नसतात.