मळ्यावरील गांवठी कोंबडी : आचार आणि हिशेब

सुशिक्षित ब्राह्मण कुटुंबांत कोंबडीचा विषय निघाला कीं बोलणें तेथेंच थांबावें, असा फार दिवसांचा प्रघात आहे. परंतु मिरजेच्या पूर्वभागांत ज्यांचे मळे आहेत, त्यांच्या गोठ्याभोंवतीं कोंबड्या नेहमींच चरत आल्या आहेत. त्या गड्याच्या घरच्या, म्हणून मालकानें त्यांच्याकडे लक्ष दिलें नाहीं, इतकेंच. आतां शेतकीचें शिक्षण घेतलेला पुतण्या किंवा नोकरी सोडून मळ्यावर राहूं लागलेली सून हा उद्योग स्वतः करूं म्हणते, तेव्हां एकत्र कुटुंबापुढें दोन प्रश्न उभे राहतात : एक आचाराचा व दुसरा हिशेबाचा. पहिल्यावर माजघरांत पुष्कळ चर्चा होते. नुकसान मात्र बहुधा दुसऱ्याचा विचार न केल्यामुळें होतें.

आचाराचा प्रश्नही टाळूं नये. गांधीजींनीं १९४२ सालीं आगाखान पॅलेसच्या बंदिवासांत आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत ज्याला दूध चालतें त्याला अफलित अंडें चालण्यास हरकत नसावी, असें मत दिलें आहे. कारण कोंबड्यावांचून झालेल्या अंड्यांतून पिलूं कधींच निघत नाहीं. हें शास्त्रदृष्ट्या खरें आहे, आणि कळपांत कोंबडा नसल्यानें अंड्यांची संख्याही घटत नाहीं. मात्र पिलें काढावयाचीं तर कोंबडा हवाच, आणि निघालेल्या पिलांत सरासरीनें निम्मे नर असतात. दहा कोंबड्यांमागें एक नर पुरतो. उरलेले कोठें जाणार, हें निराळें सांगावयास नको. तेव्हां उद्योगाचा हा शेवट वडील मंडळींना आरंभींच स्पष्ट सांगावा. अंधारांत ठेवून मिळविलेली संमति पुढें कलहाचें कारण होते. ज्यांना हा शेवट रुचत नाहीं, त्यांनीं केवळ अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळाव्या आणि अंडीं बंद झालेल्या कोंबडीलाही दाणा घालण्याची तयारी ठेवावी.

आतां हिशेबाकडे वळूं. पिंजऱ्यांतील लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला तीनशेंच्या आसपास अंडीं देते. गांवठी कोंबडी साधारणतः ६० ते ८०. या आंकड्यांवरून गांवठीला हिणविणारे एक गोष्ट विसरतात. ती आपलें पोट बव्हंशीं आपण भरते. खळ्यावर सांडलेला शाळू, उकिरड्यांतील किडे, बांधावरची वाळवी, गवताचें बीं व कोंवळा पाला हें तिचें अन्न. सायंकाळीं मूठभर दाणे टाकले कीं पुरे. त्या निमित्तानें ती वेळेवर घरींही येते. म्हणून आपलें रान जेवढ्या पक्ष्यांना पोसूं शकतें, तेवढेच ठेवावे. संख्या त्यापुढें गेली कीं विकतचें खाद्य सुरू होतें, आणि साठ-सत्तर अंड्यांतून त्या खाद्याचा खर्च भरून निघत नाहीं.

बंगळूरची गिरिराज आणि हैदराबादच्या वनराज व ग्रामप्रिया या सुधारलेल्या जाती परसांतील पालनासाठींच तयार केल्या आहेत. त्या गांवठीहून अधिक अंडीं देतात, आणि गिरिराज व वनराज वजनालाही चांगल्या भरतात. परंतु त्यांच्यांत अंड्यांवर बसण्याची वृत्ति फारशी उरलेली नाहीं, आणि त्यांच्या पुढच्या पिढींत मूळचे गुण तसेच उतरत नाहींत. त्यामुळें पिलें दर खेपेस विकत आणावीं लागतात. गांवठी कोंबडी स्वतःच आपला वंश वाढविते, ही तिच्या हिशेबांतील मोठी जमा आहे.

हा हिशेब न मांडल्यास काय होतें, हें आपल्याच जिल्ह्यांत दिसून आलें. झाबुआकडील काळ्या मांसाच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व तिचा मोठा बोलबाला झाला. पिलें आम्ही देऊं, अंडीं व पक्षी चढ्या भावानें आम्हीच परत घेऊं, अशा बोलीवर वाळवा तालुक्यांत शेतकऱ्यांकडून आगाऊ रकमा घेण्यांत आल्या. २०१९ सालीं तो व्यवहार कोसळला, पोलिसांत फिर्यादी झाल्या आणि शेंकडों कुटुंबांचे पैसे अडकले. दोष कोंबडीचा नव्हता. ज्या मालाला खरेदीदार एकच आणि भावही तोच ठरविणार, त्या मालावर घर गहाण टाकूं नये, हा बोध तेथें घ्यावयाचा.

प्रत्यक्ष पालनांत तीन गोष्टी संभाळाव्या. पहिली पिलांची. कोंबडी खुडूक झाली कीं टोपलींत वाळू व वर भुसा घालून तिच्याखालीं दहा-बारा अंडीं ठेवावीं. तीं आठवड्याहून जुनीं नसावीं. आठव्या दिवशीं अंधारांत विजेरीपुढें धरल्यास जिवंत अंड्यांत तांबड्या शिरा दिसतात. कोरीं अंडीं काढून टाकावीं. एकविसाव्या दिवशीं पिलें निघतात. मिरजेकडील चैत्र-वैशाखांत ऊन्हानें अंडीं बिघडतात. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम.

दुसरी गोष्ट निवाऱ्याची. खुराडें जमिनीपासून उंच, हवेशीर व आंत आडव्या काठ्या असलेलें असावें. मुंगूस व रानमांजर शिरूं नये म्हणून सांज होतांच दार लावावें. द्राक्षबागेंत फवारणीच्या दिवसांत कोंबड्या मुळींच सोडूं नयेत.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानमोडीची. गांवठी कोंबडी काटक खरी, परंतु या रोगापुढें तिचा काटकपणा चालत नाहीं. मान वांकडी होते, हिरवी पातळ विष्ठा होते आणि दोन-चार दिवसांत खुराडें ओस पडतें. यावर औषध नाहीं, लस आहे. पहिल्या आठवड्यांत लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालावा आणि सुमारें आठव्या आठवड्यांत टोचून घ्यावें. लस बर्फांत ठेवूनच आणावी. उन्हांत तापलेली लस निरुपयोगी होते. पशुवैद्यकीय दवाखान्यांत याची चौकशी पिलें निघण्यापूर्वींच करून ठेवावी.

आरंभ पांच-सहा कोंबड्यांनीं करावा आणि मळ्यावर एक वही ठेवावी. अंडीं किती, दाणा किती, पिलें किती निघालीं व किती वांचलीं, हें सुनेनें रोज लिहावें आणि सासऱ्यांनीं महिन्याअखेर पाहावें. वर्षभर वही जुळली, तर संख्या वाढवावी. न जुळली, तर पांच-सहा कोंबड्यांइतकेंच नुकसान झालेलें असेल आणि तें कोणत्याही घराला सोसवेल.