रुग्णालयाबाहेरची एक खोली

घरातील लहान मुलाला गंभीर आजार झाला की सर्वांचे चित्त औषधोपचाराकडे लागते, आणि ते साहजिकच आहे. परंतु ज्या वाचकांनी मोठ्या शहरातील रुग्णालयाबाहेर आपल्या मुलासाठी वा नातवंडासाठी दिवस काढले आहेत, त्यांना ठाऊक असेल की पहिल्या आठवड्यानंतर निराळेच प्रश्न पुढे उभे राहतात. रात्री पाठ टेकायची कोठे? मुलाच्या पथ्याचा मऊ भात शिजवायचा कोठे? आणि गावाकडे मागे राहिलेल्या धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी?

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. त्याचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. त्यांतील सुरुवातीचे काही महिने औषधांचा मारा इतका तीव्र असतो की रक्तातील पांढऱ्या पेशी अगदी कमी होतात. अशा काळात ताप आला तर तो एरवीचा ताप नव्हे. मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून डॉक्टर सांगतात, ‘जवळपास राहा.’ सांगणे सोपे असते. जवळपास खोलीचे भाडे परवडत नाही म्हणून कुटुंब गावी परतते आणि बरा होण्याजोगा आजार उपचार अर्धवट राहिल्यामुळे हाताबाहेर जातो. आपल्या देशात बालकर्करोगाचे उपचार मध्येच सुटण्याची जी कारणे आहेत, त्यांत पैशाइतकेच हे निवाऱ्याचे कारणही मोठे आहे.

या प्रश्नाला प्रसिद्ध व्यक्तींनी हात घातला तर काय होऊ शकते, याचा एक चांगला दाखला अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडतो. फ्रेड हिल हे तेथील ‘ईगल्स’ या फुटबॉल संघाचे खेळाडू. त्यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. मैदानावर हजारो लोक ज्याचा जयजयकार करीत, तो माणूस आणि त्याची पत्नी रुग्णालयातील खुर्च्यांवर झोपत होते आणि यंत्रात नाणी टाकून मिळेल ते खात होते. आजूबाजूला तशीच अनेक जोडपी होती. त्यांतील कित्येक दूरच्या गावांतून आलेली. हिल यांनी आपल्या संघातील सहकाऱ्यांना गाठले, निधी जमू लागला आणि संघाचे व्यवस्थापक जिमी मरे यांनी त्याच शहरातील बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. ऑड्रे इव्हान्स यांची भेट घेतली.

या बाईंविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. जन्माने इंग्रज, मुलांच्या एका विशिष्ट गाठीच्या कर्करोगाच्या पायऱ्या ठरविण्याची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली गेली, इतका त्यांचा अधिकार. त्यांच्याकडे पैसे घेऊन माणसे आली, तेव्हा त्यांनी केवळ यंत्रे आणि प्रयोगशाळा यांचाच विचार केला नाही. आपल्या रुग्णांच्या आईबापांसाठी रुग्णालयाजवळ एक घर हवे, असे त्यांनी सांगितले. मग मरे यांनी मॅकडोनाल्ड या उपाहारगृहांच्या कंपनीला गळ घातली. त्या सुमारास तेथे हिरव्या रंगाच्या मिल्कशेकची विक्री चालू होती. तिचे उत्पन्न घरासाठी द्यावे आणि घराला कंपनीच्या विदूषकाचे नाव द्यावे, असे ठरले. 1974 सालच्या ऑक्टोबरात ते पहिले घर उघडले. आज अशी घरे साठांहून अधिक देशांत आणि प्रदेशांत आहेत.

ज्या कंपनीचे पदार्थ शक्यतो खाऊ नका असे मी मधुमेहाच्या आणि स्थूलतेच्या रुग्णांना रोज बजावतो, तिच्या मिल्कशेकमधून हे पुण्यकर्म उभे राहिले, ही गोष्ट मला थोडी अडचणीची वाटते. तरीही आजारी मुलाच्या शेजारी पलंग मिळालेल्या आईला तो पैसा कशाचा, हे विचारायला मी जाणार नाही.

दुसरा दाखला डॅनी थॉमस यांचा. लेबनॉनमधून अमेरिकेत आलेल्या गरीब कुटुंबातील हा विनोदी नट. उमेदवारीच्या दिवसांत हाती काम नव्हते, तेव्हा त्याने संत ज्यूड यांना नवस केला की मला वाट दाखवा, मी तुमच्या नावाने वास्तू उभारीन. पुढे दूरचित्रवाणीमुळे त्याचे नाव घरोघरी झाले आणि तो नवस विसरला नाही. देऊळ न बांधता त्याने मेम्फिस शहरात मुलांचे रुग्णालय आणि संशोधनकेंद्र उभे केले. 4 फेब्रुवारी 1962 रोजी ते सुरू झाले. पॉल विल्यम्स या नामवंत कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने त्याचा आराखडा विनामूल्य करून दिला आणि वर्णभेद पाळणाऱ्या त्या प्रदेशात या रुग्णालयाचे दार पहिल्या दिवसापासून सर्व मुलांना उघडे राहिले. उपचार, प्रवास, निवास किंवा जेवण यांचे बिल तेथे कुटुंबाला दिले जात नाही. रुग्णालय सुरू झाले तेव्हा रक्ताच्या त्या नेहमीच्या कर्करोगातून शंभरांत चारेक मुले वाचत असत. आज तेथे नव्वदांहून अधिक वाचतात. हे श्रेय अर्थातच शास्त्रज्ञांचे, परिचारिकांचे आणि औषधांचे सारे हाल सोसलेल्या मुलांचे. नटाचे काम एवढेच की पैशाचा ओघ आटू द्यायचा नाही. त्यासाठी त्याने रुग्णालय उघडण्याच्या पाच वर्षे आधी, 1957 मध्ये, निधी गोळा करणारी स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. 1991 मध्ये तो वारला, पण ओघ आटला नाही.

याच रुग्णालयाच्या इतिहासात एक गमतीदार प्रसंग आहे. गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनी 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची जुनी आलिशान नौका 55,000 डॉलरला विकत घेतली आणि दान करायची ठरविली. एका संस्थेने देखभालीचा खर्च झेपणार नाही म्हणून ती नाकारली. अखेर ती थॉमस यांच्या रुग्णालयाला देण्यात आली आणि त्यांनी ती विकून पैसे कामाला लावले. देणाऱ्याची नियत उत्तम होती, यात मला शंका नाही. पण नौका आणि आईबापांना राहायला घर, या दोन दानांमधील अंतर लक्षात घ्या. एकात देणाऱ्याला जे सुचले ते आहे. दुसऱ्यात रात्र खुर्चीवर काढलेल्या माणसाला जे कळले ते.

आपल्याकडेही प्रसिद्ध मंडळी बालरुग्णांच्या कक्षाला भेट देतात. मुलाच्या चेहऱ्यावर तासभर हसू येते आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. मात्र केमोथेरपी चालू असलेल्या मुलांच्या खोलीत छायाचित्रकारांसह वीस माणसे शिरणे मला डॉक्टर म्हणून मान्य नाही. शिवाय केस गळलेल्या मुलाचे छायाचित्र उद्या तो मोठा झाल्यावरही सर्वत्र फिरत राहणार, याचा विचार आईबापांनी करावा. नाही म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि नाही म्हटल्यामुळे उपचारांत काही कमी होता कामा नये.

निवाऱ्याची ही कल्पना आपल्या मातीला मुळीच परकी नाही. हातात झाडू आणि डोक्यावर गाडगे घेतलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनातून मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग आजही उतरतात. खास कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी 2006 मध्ये मुंबईत श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था सुरू केली. नाव त्याच संताचे असले, तरी मेम्फिसच्या रुग्णालयाची ही शाखा नव्हे. येथे मूल आणि आईबाप यांना विनामूल्य राहता येते, शिधा मिळतो, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करता येतो आणि मुलांचे शिक्षणही चालू राहते. स्वतःच्या हाताने स्वयंपाक, हे मी मुद्दाम लिहिले. औषधांमुळे तोंडाची चव गेलेले मूल आईच्या हातचे दोन घास खाते, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका आजींचा सात वर्षांचा नातू असाच मुंबईत उपचार घेत होता. मुलगा आणि सून तिकडे, धाकटी नात आजींजवळ. एकदा नातीच्या खोकल्यासाठी त्या आल्या, तेव्हा सहज त्यांचा रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा 190. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. कारण विचारले तर म्हणाल्या, “खोलीचं भाडंच पोराला झेपंना, डॉक्टर. त्यात माझ्या गोळ्यांचं कुठं सांगू?” मुलाला फोनवर सांगितले की उद्या रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि राहण्याची अडचण स्पष्ट शब्दांत सांगा. काही आठवड्यांनी त्यांना विनामूल्य जागा मिळाली. भाड्याचे पैसे वाचले आणि आजींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मुंबईतील एका खोलीने गावातील रक्तदाब उतरविला, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी वेळ आली आहे, त्यांनी पहिल्याच आठवड्यात समाजसेवकांच्या खोलीचा पत्ता विचारून घ्यावा. निवासासाठी तेथील पत्र बहुधा लागते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, विविध न्यासांची मदत, रेल्वेच्या तिकिटातील कर्करुग्णांची सवलत, या सर्वांची माहितीही तेथेच मिळते. शिधापत्रिका, आधार आणि मुलाचा जन्मदाखला यांच्या चार-चार प्रती सोबत असू द्याव्यात. आणि घरी राहिलेल्या आजीआजोबांनी आपली औषधे चुकवू नयेत. मागे राहिलेल्या भावंडाचा सारा भार त्यांच्यावर असतो. ते भावंड गप्प गप्प राहू लागले, शाळेत जायला नको म्हणू लागले, तर हट्टी म्हणून रागावू नका. त्याला आपल्या भावाचे काय चालले आहे, हे त्याच्या वयाला कळेल अशा शब्दांत खरे सांगा.

निवृत्तिवेतनातून काही द्यावेसे वाटणाऱ्या वाचकांना एक सूचना. मोबाइलवर एखाद्या नटाचे किंवा क्रिकेटपटूचे छायाचित्र लावलेले मदतीचे आवाहन आले, तर ते पुढे पाठविण्यापूर्वी थांबा. असे छायाचित्र कोणीही चिकटवू शकतो. संस्थेची नोंदणी, तिच्या नावाचे बँकखाते आणि पावती यांची खात्री करा. खाते एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल तर ज्या रुग्णालयाचा उल्लेख आहे तेथे दूरध्वनी करून विचारा. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी दिलेली अशा संस्थांना अधिक सोयीची पडते, कारण शिधा, वीज आणि भाडे हे खर्च दरमहाच येतात.

पैसे शक्य नसतील तर रक्तदात्यांची गरज कायम असते. आपले वय त्यासाठी उलटून गेले असेल तर मुलाला किंवा सुनेला पाठवा, आणि प्लेटलेट देण्याविषयीही चौकशी करायला सांगा. वापरलेली कापडी खेळणी मात्र पाठवू नका. त्यांतून जंतुसंसर्गाची भीती असते. भेटायला जायचे असेल तर आधी विचारून जा, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, हात धुऊन मुलाजवळ बसा आणि त्याच्या आजाराऐवजी त्याच्या शाळेविषयी बोला.