‘स्ट्रोक’ नेमका कुठला?
बॅट्समनचा स्ट्रोक, पोहणाऱ्याचा स्ट्रोक, उन्हाळ्यातला हीटस्ट्रोक आणि मेंदूचा स्ट्रोक. मूळ अर्थ फटका. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत या आजाराला ‘देवाच्या हाताचा फटका’ म्हणत. आपला ‘पक्षाघात’ तरी वेगळा कुठे? पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, तिच्यावर आघात.

घोळ होतो तो ‘अटॅक आला’ म्हणताना. स्ट्रोकलाही हृदयविकार समजून घरचे छातीत दुखतेय का, एवढेच विचारत बसतात. स्ट्रोकमध्ये छाती सहसा दुखत नाही. तोंड वाकडे होते, एक हात लुळा पडतो, जीभ जड होते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करून. म्हणून रुग्णालयात पहिला प्रश्न असतो, त्रास किती वाजता सुरू झाला?